व्यापाऱ्याचं जहाज, राज्याचं युद्ध

एप्रिल १९८२. ‘युगांडा’ नावाचं ब्रिटिश जहाज शाळकरी मुलांना घेऊन भूमध्य समुद्रात सहलीवर होतं. जहाजावरच वर्ग भरत आणि बंदर लागलं की मुलं उतरून जुनी शहरं पाहून येत. सहल अर्ध्यावर असताना कंपनीला सरकारचा हुकूम पोहोचला. मुलांना इटलीतल्या नेपल्स बंदरात उतरवून घरी पाठवण्यात आलं आणि जहाज जिब्राल्टरच्या गोदीत शिरलं. तिथे मोजक्या दिवसांत मुलांच्या राहण्याच्या जागेत जखमींचे वॉर्ड उभे राहिले, शस्त्रक्रियेची सोय झाली, हेलिकॉप्टर उतरेल असा डेक बसवला गेला. पांढऱ्या बाजूंवर मोठाले लाल क्रॉस रंगवून ‘युगांडा’ दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांकडे निघालं, अर्जेंटिनाशी चाललेल्या युद्धातलं इस्पितळ म्हणून. ‘कॅनबेरा’ हे भलंमोठं प्रवासी जहाज ७ एप्रिलला साउथॅम्प्टनला परतलं आणि ९ एप्रिलला सैनिक भरून बाहेर पडलं. त्या युद्धासाठी ब्रिटनने व्यापारातली पन्नासच्या आसपास जहाजं अशी उचलली.

दोन दिवसांत प्रवासी बोटीची सैन्यबोट होते, हे नवलच. पण त्याहून मोठं नवल वेगळं आहे. हे जहाज सरकारचं नव्हतंच, खासगी कंपनीचं होतं. सरकारने मागितलं आणि मालकाने दिलं, हे घडतं कसं? आणि जगातल्या बलाढ्य नौदलांपैकी एक बाळगणाऱ्या देशावर सहलीच्या बोटी मागायची वेळ का यावी?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. लढाऊ जहाजात तोफा, क्षेपणास्त्रं, इंजिनं आणि माणसं एवढी ठासून भरलेली असतात की दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. लढाई मात्र धान्यावर, तेलावर, दारूगोळ्यावर आणि सुट्या भागांवर चालते. एवढं सगळं वाहून नेतील इतकी मालवाहू जहाजं शांततेच्या काळात नुसती बांधून ठेवणं कोणत्याही खजिन्याला झेपत नाही. म्हणून प्रत्येक दर्यावर्दी राज्याचं खरं राखीव आरमार व्यापाऱ्यांच्या धक्क्याला बांधलेलं असतं.

हे मर्म आपल्या भागात तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं गेलं, आणि तेही समुद्रकाठी नव्हे तर पन्हाळ्याच्या आश्रयाने नांदणाऱ्या करवीर दरबारात. रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांनी १७१५ च्या सुमारास दुसऱ्या संभाजीराजांसाठी ‘आज्ञापत्र’ सिद्ध केलं. शिवाजी महाराजांपासून पाच कारकिर्दी या माणसाने पाहिल्या होत्या. त्यांचं बावडा म्हणजे आजचं गगनबावडा, ऐन घाटमाथ्यावर. तिथून खाली उतरलं की कोकण, आणि कोकण संपलं की दर्या. आज्ञापत्रात किल्ल्यांवर, सावकारांवर, वतनांवर जसं प्रकरण आहे तसं आरमारावरही आहे आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. कारण लढायचं कसं हे तिथे थोडक्यात उरकलं आहे. पैसा, लाकूड आणि व्यापारी यांवर मात्र पंत मन लावून बोलले आहेत.

पैशाचंच पाहा. सर्वसाधारण कारभाऱ्याला वाटेल की आरमार समुद्रावर आहे, तर त्याचा खर्च समुद्रातूनच निघावा, म्हणजे बंदरांच्या जकातीतून आणि पकडलेल्या मालातून. पंत याच्या थेट विरोधात आहेत. आरमाराच्या खर्चाची नेमणूक मुलखाच्या वसुलातून लावून द्यावी, बंदराच्या पैदाशीवर सोडू नये, असं ते बजावतात. दर्यावरच्या सरदाराचं पोट व्यापाऱ्याच्या जहाजावर अवलंबून ठेवलं तर तो त्याच जहाजाला नाडणार, मग सावकार ते बंदर सोडून जाणार आणि बंदर मोडलं की राज्याचं आरमारही मोडणार, हा त्यामागचा विचार आहे. ज्यांना राज्याचा कौल, म्हणजे अभयवचन, दिला आहे अशा सावकारांची जहाजं सांभाळून न्यावीत, त्यांना त्रास पोहोचू देऊ नये. परक्या मुलखाचा व्यापारी आला तर त्याला दिलासा द्यावा, पुन्हा यावंसं वाटेल असं वागवावं. शत्रूच्या मुलखातलं व्यापारी जहाज हाती आलं, तरी त्याचं काय करायचं ते हुजूरच्या हुकमाने ठरवावं. तिथल्या तिथे लूट करायची मुभा नाही.

लाकडाबद्दलची कलमं अनेकांना माहीत आहेत. सागवान परवानगीने तोडावं. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड फारच जुनं होऊन निकामी झालं असेल, तरच धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन ते न्यावं. या कलमांचा उल्लेख आपल्याकडे सहसा पर्यावरणाच्या भाषणात होतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. युद्धासाठी राज्य खासगी मालमत्ता घेतं तेव्हा ती कशी घ्यावी, याचा हा नियम आहे: गरज खरी असावी, मालकाची संमती असावी, मोबदला मिळावा. ‘युगांडा’ ज्या हुकमाने घेतलं गेलं, त्यामागचं निम्मं तत्त्व हेच. निम्मं म्हणतो, कारण आधुनिक सरकार संमतीसाठी थांबत नाही. मोबदला मात्र द्यावाच लागतो.

करवीर दरबाराने हे नियम पुढे पाळले का? १७३१ च्या वारणेच्या तहानंतर वारणेच्या दक्षिणेचा मुलूख करवीरकडे आला. मालवण आणि सिंधुदुर्ग करवीरचे झाले, म्हणजे कोल्हापूरला स्वतःचं आरमार होतं. अठराव्या शतकात मालवणची गलबतं व्यापारी जहाजं इतक्या वेळा अडवू लागली की मुंबईकर इंग्रज त्यांना सरळ चाचे म्हणत. इंग्रजांचं म्हणणं मी जसंच्या तसं घेणार नाही. स्वतःचा परवाना नसलेलं जहाज तेही अडवत, त्यांच्या आधी पोर्तुगीजही तेच करत. कान्होजी आंग्र्यांनी आपलं दस्तक घेतलं पाहिजे असा आग्रह धरला, तो याच न्यायाने. पण कौल देऊन राखणं वेगळं आणि धरून वसूल करणं वेगळं. पंतांनी ज्या वाटेने जाऊ नका म्हटलं होतं, मालवणचं आरमार त्याच वाटेने गेलं असं माझं मत आहे. १७६५ मध्ये मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांच्या इंग्रज तुकडीने सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असं नाव दिलं. राणी जिजाबाईंच्या कारकिर्दीत, पुढल्याच वर्षी, तो करवीरला परत मिळाला. त्यासाठी व्यापारी जहाजांना उपद्रव न देण्याचं वचन द्यावं लागलं आणि मोठी रक्कम भरावी लागली. १८१२ च्या तहाने मालवण कायमचं गेलं आणि सशस्त्र गलबतं बाळगण्याचा करवीरचा हक्कही गेला.

आता एका जहाजाची गोष्ट. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे १८९० च्या दशकात कॅनडा आणि हाँगकाँग यांच्यामध्ये टपाल आणि प्रवासी नेत असे. ब्रिटिश सरकार कंपनीला दरवर्षी पैसे देई, आणि त्या बदल्यात एक अट होती: युद्ध लागलंच तर तोफा चढवता येतील अशीच जहाजाची बांधणी हवी. म्हणजे तोफा नाहीत, पण तोफांची जागा तयार. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी हे जहाज विकत घेतलं आणि हिंदी जखमी सैनिकांसाठी त्याचं इस्पितळ केलं. नाव ठेवलं ‘लॉयल्टी’. युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घेतलं आणि कंपनीला नाव दिलं ‘सिंदिया’. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघालं. आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो या प्रवासाचा. टपालबोट, इस्पितळ आणि स्वदेशीचं निशाण, एकाच सांगाड्याने तिन्ही भूमिका निभावल्या!

जहाज ताब्यात घेणं म्हणजे जप्ती नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. मालकी कंपनीचीच राहते, सरकार ठरलेलं भाडं देतं, जहाज बुडालं तर भरपाई देतं. कधी कप्तान-खलाशांसकट जहाज घेतलं जातं, कधी नुसता सांगाडा घेऊन नौदल आपली माणसं चढवतं. बंदरात उभ्या असलेल्या तटस्थ देशाच्या जहाजालाही युद्धात गुंतलेलं सरकार भरपाई देऊन कामाला लावू शकतं, असा एक फार जुना आंतरराष्ट्रीय रिवाज आहे. मार्च १९१८ मध्ये अमेरिकेने आपल्या बंदरांतली ८७ डच जहाजं एका फटक्यात अशीच घेतली.

आणि विमा! त्याच्याशिवाय एकही बोट हलत नाही. युद्ध सुरू झालं की विमा कंपन्या एक तर हात काढून घेतात किंवा दर परवडेनासे करतात. समुद्र मोकळा, जहाज भरलेलं, खलाशी तयार. तरी मालक नांगर उचलत नाही, कारण एका टॉर्पेडोत तो भिकेला लागू शकतो. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने जहाजांच्या युद्धधोक्यातला ८० टक्के भार स्वतःच्या शिरावर घेतला. एकही तोफ न उडवता, केवळ एका सहीने, धक्क्याला अडकलेली जहाजं पुन्हा चालू लागली.

सहीने जहाज निघतं, पण पोहोचतं का? एप्रिल १९१७ या एका महिन्यात मित्रराष्ट्रांची आणि तटस्थांची साडेआठ लाख टनांहून अधिक जहाजं बुडाली. ब्रिटनचे अन्नाचे साठे आटत चालले होते. जहाजांचे तांडे करून, भोवती लढाऊ बोटी ठेवून न्यावं, ही युक्ती शतकानुशतकांची जुनी. तरी बड्या दर्यासारंगांचा तिला विरोध होता. चाळीस जहाजं एकत्र दिसली तर शत्रूला आयतीच सापडतील, असं त्यांना वाटे. प्रत्यक्षात तांडे सुरू झाले आणि नुकसान झपाट्याने खाली आलं. महासागर एवढा अफाट आहे की पाणबुडीच्या दुर्बिणीतून पाहताना एकटं जहाज आणि चाळीसांचा तांडा हे दोन्ही जवळपास सारखेच दुर्मीळ. चाळीस जहाजं सुटी सोडली तर शत्रूला चाळीस संधी मिळतात. तांडा केला की एकच.

यापुढचं गणित तर मला आजही थक्क करतं. १९४२-४३ च्या हिवाळ्यात पॅट्रिक ब्लॅकेट हा पदार्थशास्त्रज्ञ ब्रिटिश नौदलासाठी आकडेवारी तपासत होता. पुढे १९४८ मध्ये त्याला नोबेल मिळालं आणि स्वतंत्र भारताच्या संरक्षण-संशोधनाबाबत नेहरूंनी ज्याचा सल्ला घेतला तोच हा. त्याच्यापुढचा प्रश्न साधा होता: तांडा लहान असावा की मोठा? नौदलाची समजूत लहानच्या बाजूची. ब्लॅकेट आणि त्याच्या सहकाऱ्यांना दिसलं की तांडा केवढाही असो, हल्ल्यात बुडणाऱ्या जहाजांची संख्या साधारण तेवढीच राहते. आत शिरलेल्या पाणबुडीकडे टॉर्पेडो ठरावीक असतात. भोवती चाळीस जहाजं असली काय नि ऐंशी असली काय, तिला तेवढीच मारता येतात. आणि राखण करायची ती परिघाची. आपल्या माळावर मेंढरं बसवणाऱ्या धनगराला हे शिकवावं लागत नाही: मेंढरं दुप्पट झाली म्हणून कुत्री दुप्पट लागत नाहीत, कारण कळपाचा घेर दुप्पट होत नाही. ब्लॅकेटच्या हिशेबात चाळीसांऐवजी ऐंशी जहाजांचा तांडा केला तर घेर वाढत होता तो फक्त एक सप्तमांश! १९४३ पासून तांडे मोठे झाले. एकही नवी लढाऊ बोट न बांधता, कागदावरच्या भूमितीने जहाजं वाचली.

तांडा निघायच्या आधी बंदरात सगळ्या कप्तानांची बैठक होई. नौदलाचा अधिकारी प्रत्येकाला रांगेतली जागा, वेग, खुणा आणि मागे पडल्यास धरायचा गुप्त मार्ग देई. तेलाची आणि दारूगोळ्याची जहाजं शक्यतो आतल्या बाजूला ठेवत. रात्री दिवा नाही, बिनतारी संदेश नाही. आयुष्यभर एकट्याने समुद्र कापणाऱ्या मालवाहू कप्तानाला शेजारच्या जहाजाची फक्त काळी सावली बघत रात्रभर रांग धरावी लागे. तांड्याचे प्रमुख म्हणून कित्येकदा निवृत्त दर्यासारंग स्वतःहून खालचा हुद्दा पत्करून परत आले. आणि इंजिनघरात, भट्टीसमोर, जगभरच्या ब्रिटिश जहाजांवर हिंदी खलाशी होते. त्यांत आपल्या रत्नागिरीचे पुष्कळ. दुसऱ्या महायुद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मेले. त्यांच्याबद्दल आपल्या शाळेच्या पुस्तकांत एक ओळही मी वाचलेली नाही, याचं मला वाईट वाटतं.

आपल्या किनाऱ्यावरही व्यापारातल्या आगबोटी गस्तीला आणि सुरुंग काढायला घेतल्या गेल्या. ‘पार्वती’ एप्रिल १९४१ मध्ये तांबड्या समुद्रात असाबजवळ सुरुंगावर जाऊन बुडाली. ‘प्रभावती’ची कथा जास्त जिव्हारी लागते. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्याला जेमतेम दिवस उलटला होता. ८ डिसेंबर १९४१ च्या रात्री ती दोन पडाव ओढत कराचीकडे चालली होती. ‘ग्लासगो’ या ब्रिटिश युद्धनौकेला अंधारात तो आकार पाण्यावर आलेल्या जपानी पाणबुडीसारखा दिसला. तोफा उडाल्या आणि आपल्याच बाजूची बोट गेली. कोणतं जहाज कोणत्या घटकेला कुठे आहे याची खडानखडा नोंद ठेवणाऱ्या कचेऱ्या युद्धात का लागतात, ते या एका रात्रीवरून कळतं. सिंदियाचीही जहाजं सरकारने घेतली होती. ‘जलबाला’ ऑक्टोबर १९४३ मध्ये अरबी समुद्रात जर्मन पाणबुडीने बुडवलं.

जहाजांचा तुटवडा असा की मिळेल त्या पोटात मिळेल ते भरायचं. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’वर कापसाच्या गाठी आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं एकत्र होती. कापूस पेटला. पुढचं मुंबईला माहीत आहे.

या सगळ्यात कोल्हापूर कुठे होतं? वळिवड्याला. १९४३ पासून १९४८ पर्यंत तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सायबेरियातून इराणला आणि इराणहून ब्रिटिशांच्या ताब्यातल्या जहाजांतून ते कराचीला आले, तिथून रेल्वेने आपल्याकडे. ऐन युद्धात, जिथे दारूगोळ्यालाही जागा पुरत नव्हती, तिथे निर्वासित मुलांसाठी जहाजात जागा राखली गेली. कोणत्या जहाजात काय भरायचं हे ठरवणाऱ्या यंत्रणेत माणुसकीलाही फट होती, याचा हा पुरावा आपल्या शहराच्या वेशीवर आहे.

स्वतंत्र भारताने हीच रीत पुढे चालवली. डिसेंबर १९७१ मध्ये कॉक्स बझारला उतरवायची गुरखा पलटण कलकत्त्याहून निघाली ती ‘विश्व विजय’ या मालवाहू जहाजातून. भर समुद्रात ती नौदलाच्या बोटींवर चढवली गेली. उलट बाजूने, कराचीवरच्या हल्ल्यात आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी ‘व्हीनस चॅलेंजर’ हे मालवाहू जहाज बुडवलं. युद्धात व्यापारी जहाजाला कोणी तिऱ्हाईत मानत नाही. जून २०१९ मध्ये ओमानच्या आखातात तेलवाहू जहाजांवर हल्ले झाले, तेव्हा नौदलाने ‘संकल्प’ मोहीम काढली आणि भारतीय जहाजांना सोबत द्यायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जहाजं तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून युरोपला कास्टिंग पाठवणाऱ्याला तेव्हा समुद्र किती जवळ आहे ते कंटेनरच्या भाड्यावरून समजलं असेल.

कायद्याचं बळ सरकारकडे आहे. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने मुंबईतल्या नौवहन महासंचालकांना अधिकार दिला होता की जहाजाने कोणत्या बंदरात जायचं, कोणत्या मार्गाने, कोणता माल आधी उचलायचा, याचे आदेश त्यांनी द्यावेत. २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. पण हुकूम चालतो तो आपल्या यंत्रणेच्या हाताखाली येणाऱ्या जहाजांवर, मुख्यतः आपल्या झेंड्याखालच्या. परदेशी झेंड्याचा कप्तान आपलं ऐकायला बांधलेला नाही, आणि विम्याचा दर चढला की तो आपल्या बंदराकडे फिरकणारही नाही. पन्नास वर्षांपूर्वी भारताच्या परदेशी व्यापारातला सुमारे ४० टक्के माल भारतीय जहाजांतून जात असे. आता तो वाटा पाच टक्क्यांच्या घरात आला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने जहाजबांधणी आणि नौवहनासाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ती वेळेवर खर्ची पडावी असं मनापासून वाटतं, कारण जहाज बांधायला वर्षं लागतात आणि मुरलेला कप्तान घडायला त्याहून जास्त.

कोल्हापुरातून माल परदेशी पाठवणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या खेपेच्या बिल ऑफ लेडिंगवर जहाजाचं नाव असेल. ते कोणत्या देशात नोंदलेलं आहे हे मोबाइलवर दोन मिनिटांत सापडतं. एकदा शोधून पाहा, आणि आपल्या व्यापारी संघटनेच्या बैठकीत तो झेंडा कोणता होता ते सांगा.